साहेब, पोराला कुठे तरी चिकटवा

मंडळी, अनुदानाची चौकशी करायला आलेला माणूस पायांत चपला ठेवूनच माझ्या टेबलापर्यंत येतो. तो चपला दाराबाहेर काढून आला की मी ओळखतो, हा पोराचे बोलायला आला आहे.

गेल्या वैशाखात असेच एक आबा आले. लातूर जिल्ह्यातलेच, माझ्या जुन्या सज्जातले. पाच एकर जमीन, एक बोअर. मुलगा बी.एस्सी. ॲग्री, घरातला पहिला पदवीधर. चार वर्षे पुण्यात खोली करून राहिला, परीक्षा दिल्या, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आला. आता एकोणतीस पूर्ण झाली. गावी आला आहे आणि दिवसभर माळवदावरच्या खोलीत पडून असतो. जेवायला खाली उतरतो तोही बाहेरची माणसे उठून गेल्यावर. सोयरिकीचे तर कोणी नावच काढत नाही.

आबा म्हणाले, "साहेब, तुमच्या एवढ्या वळखी. पोराला कुठं तरी चिकटवा की. तुमी शब्द टाकल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, म्हणून हे लिहायला बसलो. आबांना मी शब्द टाकणार नाही असे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. माझे मलाही बरे वाटले नाही. पण त्याला कारण होते.

वीसएक वर्षांपूर्वी मी एकदा असा शब्द टाकला होता. नात्यातला मुलगा होता. खते-बियाणे विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे त्याला ठेवून दिला. मुलाला काय येते, काय येत नाही, हे मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी विचारलेही नव्हते. त्याने हिशेबात घोळ केला, गिऱ्हाइकांना उधारीवर माल दिला, त्याची वहीत नोंद नाही. दुकानदाराने मला एका शब्दाने दुखवले नाही, पण पुढची चार वर्षे त्या दुकानात मला चहा मिळाला नाही. याला आपण वशिला म्हणतो. ज्याच्यासाठी बोलायचे त्याची आपल्याला माहिती नाही, आणि ज्याच्याकडे बोलायचे त्याला नाही म्हणता येत नाही. ओळख ही चीज निराळी. ती कशी होते हे मला पुस्तकातून कळले नाही. ते माझ्याच फजितीतून कळले.

१९९६ साली मी कृषी सहायक म्हणून लागलो. परभणीच्या विद्यापीठाची पदवी होती, पण चार माणसांत बोलायला उभा राहिलो की पाय कापत. माझ्याबरोबर लागलेला एक जण पारावर उभा राहून तासभर गाव डोलवायचा. वरिष्ठ आले की त्यालाच पुढे करायचे. मी मागे सतरंज्या गोळा करीत असे. मला एकच खोड होती, लिहून ठेवायची. कोणी कोणत्या नक्षत्रात काय पेरले, एकरी बियाणे किती, पाऊस कधी झाला, सगळे वहीत. बरोबरचे हसायचे. मलाही तो गुण वाटत नव्हता. भित्रा माणूस बोलण्याऐवजी लिहितो, इतकेच.

१९९९ च्या मृगात एका शेतकऱ्याने मला विचारले, पिशवीतले सोयाबीन पेरू का? मी शिक्का पाहिला, लेबल पाहिले आणि म्हणालो, पेरा. चार एकरांत बी टाकले आणि दहा दिवसांनी पाहावे तर चौथा हिस्साही उगवला नव्हता. सोयाबीनचे टरफल फार पातळ. पोती आपटली, थप्पी उंच लावली, ऊन लागले, की आतला अंकुर दुखावतो, आणि वरून दाणा मोत्यासारखा दिसतो. हे मी शिकलो होतो. तरी शंभर दाणे भिजवून पाहा, एवढे सांगायचे राहून गेले.

दोन दिवस मी त्या गावाकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि बांधावर बसून त्याला सांगितले, दादा, बियाणे तर खराब होतेच, पण ते तपासायला सांगायचे माझे काम होते, ते मी केले नाही. तो काही बोलला नाही. त्याची बायको मात्र बोलली, आणि तिने बोलावे असेच होते. दुबार पेरणीचे बी त्यांनी उसने आणले होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरोघरी हिंडलो. ओले गोणपाट घ्यायचे, त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो बियाणे. साठ आले तर पस्तीस किलो. त्याहून फार खाली गेले तर ते बी पेरायचे नाही. सगळ्यांत आधी गोणपाट कोणी मांडले म्हणाल? त्याच बाईने. शेजारच्या बायकांना हाका मारूनही तिनेच बोलावले. भाषण करायची वेळच आली नाही. मी नुसता आकडे वहीत उतरवत होतो.

ती वही मग हिंडू लागली. तालुक्याच्या बैठकीत कोणी तरी उगवणीचे आकडे विचारले, कोणाकडेच नव्हते, माझ्याकडे होते. विद्यापीठाचे एक शास्त्रज्ञ शिवारफेरीला आले, त्यांनी वही मागून नेली, आणि आठ दिवसांनी पाच प्रश्न लिहून परत पाठवली. त्यांतल्या दोहोंची उत्तरे मला येत नव्हती. ती शोधायला मी त्यांच्याकडे गेलो, आणि तिथून आमचे जाणे-येणे जे सुरू झाले ते आजवर आहे. पुढे शेतकरी प्रशिक्षणाला मला बोलावू लागले. पाय अजूनही कापतात, पण हातात आकड्यांचा कागद असला की लोक पायांकडे पाहत नाहीत. आमच्या खात्यात बढती बहुतेक ज्येष्ठतेनेच मिळते, ती मलाही तशीच मिळाली. त्यात माझी काही करामत नाही. पण खरिपात २०२० साली मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा दुसऱ्या तालुक्यांतून मला फोन आले. बढतीचा कागद आला त्या दिवशी असा कोणी फोन केला नव्हता.

तर आता आबांकडे वळू. शब्द टाकणार नाही म्हणालो, पण घरी येतो असेही म्हणालो, आणि गेलो.

मुलगा माळवदावरून खाली आला. बोलायला सभ्य. मी विचारले, तुला काय येते? त्याने फाइल उघडली. पदवी, संगणकाचे प्रमाणपत्र, आणखी दोन-तीन. मी म्हणालो, हे तू मिळवलेस. येते काय? तो गप्प. माझेच चुकले असावे, चार वर्षे परीक्षेचे प्रश्न सोडवणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

चुलीपाशी बसलेली त्याची आई तोंड न वळवता म्हणाली, "कुणाच्या ठिबकचं पाणी बंद पडलं की समदी ह्यालाच हाका मारत्यात. रातच्याला बी जातोय."

मुलगा चिडला. "आई, ते काय काम आहे का?"

मंडळी, हे काम आहे की नाही ते तुम्हीच सांगा. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड. नळीच्या छिद्रांत क्षार बसतात, फिल्टर कोणी धूत नाही, दोन वर्षांत अर्धे ड्रिपर बंद होतात आणि लोक नळ्या गुंडाळून गोठ्यावर टाकतात. मी त्याला तिथल्या तिथे विचारले, ॲसिडची प्रक्रिया कशी करतोस? त्याने सांगितले, आधी पाणी सोडून नळ्या धुवायच्या, पाण्याचा सामू चारच्या आसपास येईल एवढे ॲसिड द्यायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी शेवटच्या टोकाची बुचे काढून सगळे बाहेर सोडायचे. आणि ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हे सांगताना तो प्रथमच माझ्या डोळ्यांकडे पाहून बोलला.

मी म्हणालो, दहा शेते कर. प्रत्येक ठिकाणी फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर किती ड्रिपर चालतात, ते वहीत लिही. मग मी तुला तिघांकडे नेतो. एक तालुक्याचा ठिबकवाला दुकानदार, त्याच्याकडे तक्रारी ढीगभर आणि माणूस नाही. दुसरे कृषी विज्ञान केंद्रातले अभियंता. तिसरे शेतकरी उत्पादक कंपनीचे व्यवस्थापक. तोंडी मी काहीच सांगणार नाही. त्यांनी वही पाहावी.

तो म्हणाला, "साहेब, बीएस्सी होऊन मी पान्हा घेऊन हिंडू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणतीलच. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी दिलेही नाही. त्याची सोयरीक पान्ह्याने जमेल असेही मी आबांना सांगू शकलो नाही. परीक्षा सोड असेही म्हणालो नाही, अजून एक संधी त्याच्या वयात बसते. चहा घेतला आणि निघालो. महिनाभर काहीच कळले नाही. मला वाटले, बसला पुन्हा माळवदावर.

ज्येष्ठात एका दुपारी तो वही घेऊन कचेरीत आला. चार शेते झाली होती. दहाची अट मी तिथेच सोडली आणि त्याला दुकानदाराकडे घेऊन गेलो. हे दुकानदार माझे मागचे नव्हेत, पण ती जुनी गोष्ट त्यांच्या कानावर होती. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग वही उघडली आणि पाने उलटीत बराच वेळ वाचत राहिले. मी बाहेर बाकावर बसलो. आतून दाब, जाळी, वाळूचा फिल्टर असले शब्द कानावर येत होते. पंधरा-वीस मिनिटांत माझी कोणाला आठवण झाली नाही.

परवा रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज, कोणाच्या तरी मळ्यात होता.

"साहेब, अकरावं शेत. मालक विचारतोय पैसे किती. काय सांगू?"

मी म्हणालो, "मला कशाला विचारतोस? दुकानदाराला विचार."

"त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, तूच ठरव."

मग तोच हसला आणि त्याने फोन ठेवून दिला.