झटक्याच्या आधी

नेमबाजीच्या रेंजवर नवीन माणूस आला की मी त्याच्या टार्गेटकडे बघत नाही, मनगटाकडे बघते. कागदाला भोक कुठे पडलं ते नंतर कळतंच. पण चाप दाबला जाण्याच्या जरासं आधी हातात जे चालतं, ते त्याच वेळी पाहावं लागतं. शिरा ताणल्या जातात, अंगठ्याचं नख पांढरं पडतं, खांदे हळूच कानांकडे सरकतात. डोळे उघडे असतात, पण पापण्या मिटायच्या बेतात. मग आवाज होतो, गोळी काळ्या वर्तुळाच्या बरीच खाली लागते आणि माणूस वळून म्हणतो, “फार झटका देतं हो हे!”

झटका खरा असतो. त्याला खोटं ठरवून कुणाची भीती जात नाही, म्हणून मी आधी त्याचा हिशेबच मांडून दाखवते. पॉइंट टू-टू बोअरची गोळी असते साधारण २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला तीनशे-सव्वातीनशे मीटर वेगाने पुढे जाते, तेव्हा पिस्तुलाला मागे यावंच लागतं. स्पर्धेचं पिस्तूल किलोभराचं, नियमाने फार तर १४०० ग्रॅमचं. एवढं वजन त्या इवल्या गोळीच्या बदल्यात सेकंदाला मीटरभरसुद्धा वेग घेत नाही. हाताला जाणवतो तो नुसता एक धक्का. आता तेच काडतूस पाव किलोच्या शस्त्रात घाला. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने २०१६ मध्ये ‘निडर’ नावाचं रिव्हॉल्वर आणलं, ते साधारण २५० ग्रॅमचं, याच पॉइंट टू-टूचं. आखूड नळीत गोळीचा वेग थोडा कमी होतो, तो सोडून ढोबळ हिशेब केला तर किलोच्या पिस्तुलाच्या चौपट वेगाने ते मागे येणार आणि चौपट ऊर्जा हातात ओतणार. ती थोपवायची कुणी? तळहाताच्या छोट्या छोट्या हाडांनी आणि अंगठ्याच्या बेचक्यातल्या मऊ मांसाने.

नवख्याला नेमकं हेच उलटं वाटतं. हलकं म्हणजे सोपं, छोटं म्हणजे सौम्य, असं त्याचं मन आधीच ठरवून आलेलं असतं. दुकानात शस्त्र हातात घेऊन पाहताना ते पटतंही, कारण तिथे फक्त उचलायचं असतं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं. पॉइंट थ्री-टूचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्ध्या किलोचं, पर्समध्ये मावणारं. ते कुणाला का हवंसं वाटलं असेल हे मला पूर्ण कळतं. रात्री एकटीने घरी परतणाऱ्या बाईला वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो. माझी हळहळ वेगळी आहे. भीतीवर उतारा म्हणून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी हाताला नवी भीती शिकवते. ती भीती एकदा मनगटात बसली की काढायला महिने लागतात.

एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई रेंजवर आल्या होत्या. परवाना रीतसर, रिव्हॉल्वर छोटं, हलकं, नवंकोरं. पहिल्या काही गोळ्यांतच त्यांच्या तळव्याला लाल वळ उमटला. “ताई, सवयीने कमी होईल ना हे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “डॉक्टर, सवय कशाची लागतेय ते आधी बघू या.” रिव्हॉल्वर त्यांच्याकडून घेतलं आणि पाठ करून भरलं. दोन घरांत काडतुसं, बाकीच्या घरांत वाजून गेलेल्या रिकाम्या पुंगळ्या. चक्री फिरवून बंद केली आणि परत त्यांच्या हाती दिलं. कुठल्या घरात काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिला फायर झाला. गोळी खाली. दुसऱ्या वेळी चाप दाबला आणि नुसतं ‘टिक’ झालं. आवाज नाही, धूर नाही, झटका नाही. आणि तरीही नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलेलं आम्हा दोघींना स्वच्छ दिसलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. नळी टार्गेटकडे, बोट चापावरून बाहेर, नजर स्वतःच्या मुठीवर.

“पण आता तर काहीच झालं नाही,” त्या हलकेच म्हणाल्या.

“नाही झालं. म्हणून तर दिसलं.”

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच निदान केलं. “सुई टोचायच्या आधीच पेशंट दंड आवळून घेतात ना, तसं करतेय मी.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो. पापणी मिटायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. नळी वर उसळते, हात उडतो, काळीज हलतं, तोवर गोळी कधीच निघून गेलेली असते. आवाजाला दचकलेला माणूस तिला स्पर्शही करू शकत नाही. नेम बिघडवतो तो येऊ घातलेल्या झटक्याला आधीच दिलेला उलटा धक्का, आणि तो आपलाच असतो. मला हे सत्य फार धीर देणारं वाटतं. पिस्तुलाचा झटका आपल्या हातात नाही, त्याच्या आधीचा क्षण मात्र आहे.

मग उरते मूठ. नळी हाताच्या वर असते. त्यामुळे मागे येणारा जोर सरळ येत नाही, मनगटाभोवती फिरतो आणि टोक उसळतं. तेव्हा दस्ता धरायचा तो जितका उंच धरता येईल तितका, अंगठ्याचं बेचकं वरपर्यंत नेऊन. मात्र पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या स्लाइडच्या वाटेत अंगठा येता कामा नये आणि रिव्हॉल्वरच्या चक्रीपुढच्या फटीजवळ बोट जाता कामा नये, तिथून तापलेला वायू फुटतो. नळी आणि हात यांच्यातलं हे अंतर किती मोलाचं, याची एक जुनी गोष्ट आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी उलटं धरल्यासारखं दिसणारं पिस्तूल आणलं होतं. त्याची नळी इतकी खाली, की झटका जवळजवळ सरळ हातात यायचा. पुढे नियमांनी ते बाद केलं. छोट्या पिस्तुलाला अशी सवलत नाही. त्याचा दस्ता इतका आखूड असतो की करंगळी हवेत लोंबकळते आणि पकडीचा मोठा आधार तिथेच जातो. दस्त्यावर जाड रबर चढवा किंवा खाली बोटाला टेकू देणारं मॅगझिन घ्या, फरक लगेच कळतो. दुसऱ्या हाताचा तळवा पहिल्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत घट्ट बसवावा, कंबरेपासून किंचित पुढे झुकावं, आणि आवळायचं ते एकदाच. चाप दाबताना मूठ आणखी आवळली की गेलाच नेम. मनगट ढिलं ठेवलं तर हलकी अर्धस्वयंचलित पिस्तुलं अडकतातसुद्धा, कारण स्लाइडला मागे जायला ठाम आधारच मिळत नाही.

स्पर्धेतल्या नेमबाजाला तर एकच हात. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये शेवटच्या फैरीत चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. लंडनला २०१२ मध्ये विजयकुमारने याच प्रकारात रौप्य मिळवलं. तिथे झटका थोपवायला वेळच नसतो, तो हातातून वाहून जाऊ द्यायचा आणि मनगट आपोआप जागेवर यायला हवं. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेमबांगला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेही शूट-ऑफमध्ये. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मी नव्या मुलींना तिच्या जुन्या लढती पाहायला सांगते. पदकासाठी नव्हे, गोळी सुटल्यानंतरचा तिचा हात बघण्यासाठी. तो घाईने खाली येत नाही.

आणि आवाज. ज्याला आपण झटका म्हणतो, त्यातला मोठा वाटा कानांचा असतो. बहुतेक पिस्तुलांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आखूड नळी तो आणखी तीक्ष्ण करते. डॉक्टरबाईंच्या कानांत मी स्पंजचे बोळे घालून वर मफ चढवायला लावले, आणि त्यांचे खांदे आपसूक खाली आले. मग त्यांचं रिव्हॉल्वर पेटीत ठेवून किलोभराचं पॉइंट टू-टू हातात दिलं. त्या दुपारी त्यांनी फारशा गोळ्या झाडल्या नाहीत. बराच वेळ रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबत, पुढची साइट हलते का तेवढंच बघत राहिल्या. पुढे काही आठवड्यांनी पुंगळीवर ‘टिक’ झालं आणि नळी जिथल्या तिथे राहिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला ते फार आवडलं.

तुम्ही किंवा तुमच्या घरची मुलगी पहिल्यांदा रेंजवर जाणार असाल, तर एवढं करा. पर्समध्ये मावतं म्हणून छोटं पिस्तूल आधी हातात घेऊ नका. जड पॉइंट टू-टू मागा, कानांवर दोन थर मागा, आणि शिकवणाऱ्यांना सांगा, काडतुसांत रिकाम्या पुंगळ्या मिसळून द्या. हलकं शस्त्र घ्यायचंच असेल तर त्यानंतर घ्या, आणि एका दिवशी त्यातून वीस-पंचवीसच्या वर गोळ्या झाडू नका. तळवा दुखायला लागला की त्या दिवसापुरतं थांबा.