पाचला मावळणारा दिवस

अंदमानात डिसेंबरातला सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो. पुण्याहून गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हे पटतच नाही. दुपारचा चहा जेमतेम झालेला असतो आणि माडांच्या सावल्या लांबत लांबत नाहीशाही होतात. आपल्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला सुमारे दहा अंश, पोर्ट ब्लेअर पूर्वेला जवळपास तेवढंच. एकाच घड्याळाच्या या दोन टोकांमध्ये सूर्याची चाल ऐंशी मिनिटांची. म्हणून इथे सहाच्या बऱ्याच आधी उजाडतं आणि पुण्यातली ऑफिसं सुटण्याआधीच काळोख पडतो.

हॅवलॉकवर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. वाळू पिठासारखी मऊ, आणि तिच्या काठाशी महुआची उंच झाडं. आपल्याकडच्या मोहाच्या कुळातलंच हे झाड, पण समुद्राच्या इतक्या जवळ उभं की भरतीचं पाणी मुळांपर्यंत येतं. आम्ही सगळे, म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं, नागपूरचे दीर-जाऊ आणि मुलं, तिथे सूर्यास्त पाहून अंधारात खोलीवर परतलो. साडेसहाही झाले नव्हते. बाहेर जायला फारसं काही नाही, मोबाइलला रेंज धड नाही, आणि समोर अख्खी संध्याकाळ.

ती संध्याकाळ मला सगळ्या सहलीत मोलाची वाटते. घरी आमच्या संध्याकाळी उरतातच कुठे? कुणी क्लासला, कुणी ट्रॅफिकमध्ये, कुणी मीटिंगमध्ये. इथे व्हरांड्यात सतरंजी पसरली आणि सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. थंडीचे लाडू, आणि हवा अशी की अंगात सुती झबलंसुद्धा नको व्हावं. तरी सगळ्यांनी खाल्ले. मग त्या हर्णैच्या माहेराबद्दल बोलायला लागल्या. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की भरणारा मासळीचा लिलाव, टोपल्यांभोवतीचा गलका, बोली लावणाऱ्या बायकांचे आवाज, आणि वडिलांचा हात धरून ते बघणारी एक मुलगी. दोन्ही मुलगे ऐकत होते. "आई, हे कधी सांगितलं नाहीस," दीर म्हणाले. "तुम्ही कधी बसलात?" त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, नुसता आनंद होता.

त्याआधी पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिलं होतं. १९०६ मध्ये पुरं झालेलं. मधल्या मनोऱ्यापासून सात दिशांना गेलेल्या इमारतींपैकी आता तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू याच भिंतींत होते, आणि सख्ख्या भावाला भावाचं दर्शन दुर्मीळ होतं. उंचावरच्या झरोक्यातून येणारा उजेड गेला की इथे काय उरत असेल, ते कोठडीत क्षणभर उभं राहिल्यावरच उमगतं. नवरा आणि दीर तिथून बाहेर आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. एक पुण्यात, एक नागपुरात. बहुतेक भेटी लग्नाकार्यातल्याच. त्या दिवशी दोघंही फार बोलले नाहीत, पण नंतरची प्रत्येक संध्याकाळ दोघं शेजारी बसले.

हॅवलॉकवरच्या गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर. शेजारच्या नील बेटावर रामायण अवतरतं: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांना सरकारने या जंगलात जमिनी देऊन वसवलं. घरदार गेलेल्या माणसांनी रानाला देवांची नावं दिली आणि शेती केली. आज नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. नीलवरच्याच एका आजीबाईंकडून सासूबाईंनी शहाळी घेतली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नातवंडं किती हे दोघींना कळलं. आपलं गाव सोडून दुसरा समुद्र आपला करायचा, हे केवढं मोठं काम, असं मला त्या शहाळेवालीच्या हातांकडे बघून वाटत राहिलं.

सीतापूरला पहाटे गेलो. हर्णैच्या मुलीने जन्मभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. इथे तो समुद्रातून वर आला. त्यांनी पदर सावरून नमस्कार केला आणि मुलांना म्हणाल्या, "बघा रे, याचं हे दुसरं घर."

लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीपर्यंत ओहोटीतच जाता येतं. बंगाली वस्तीने तिला लाडाने हावडा ब्रिज म्हटलंय. वाटेत खडकांच्या खळग्यांत पाणी अडकलेलं, त्यात प्रवाळ, समुद्रकाकड्या, निळ्या ओठांची शिंपली. गाइड पोरगा प्रत्येक खळग्याशी थांबून दाखवत होता आणि हात लावू देत नव्हता. मेलेलं प्रवाळही उचलायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे, असं त्याने मुलांना बजावलं, आणि धाकटीने मुठीतला पांढरा तुकडा आपणहून परत ठेवला.

सासूबाईंनी निघण्याआधी तिथी विचारून घेतली होती. कोकणातला त्यांचा हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते, आणि ओहोटी त्यावरून. नीलला तो जुळेना. प्रत्येक किनाऱ्याची खोली, उतार, खाडीचं तोंड वेगळं, म्हणून भरतीची वेळही. पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. कमानीखाली उभ्या राहून त्या मोडक्या हिंदीत गाइडला त्याचा हिशेब विचारू लागल्या. तो "माँजी, देखिए" म्हणत बोटांवर मोजून दाखवू लागला. मुलं खळग्यांतून ओरडत होती, पाणी भरत होतं, दीर "आई, चल आता" म्हणत होते, आणि त्या दोघांचं अष्टमीपर्यंतही आलं नव्हतं.