चौदा माणसांचा बंब

बेगम बाजारातल्या माणसाला तांब्या-पितळेचं वेगळं कौतुक नसतं. भांड्यांच्या गल्लीत शिरलं की दोन्हीकडे घागरी, पराती आणि ठोक्यांचा आवाज. आमच्या घरचा बंब तिथल्याच एका तांबटाने आजीच्या काळी करून दिलेला. ५० लिटरचा, मध्ये धुराची नळी, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. आणि वरच्या काठाला आजीचं नाव कोरलेलं.

घरात चौदा माणसं होती तोवर तो कधी मोठा वाटला नाही. पहाटे पेटवला की नऊपर्यंत एकजण कढत पाणी काढतोय, दुसरा गार ओततोय. १९७६ साली वाटण्या झाल्या. मोठे काका काचीगुड्याला गेले, धाकटे नल्लाकुंट्याला. मागे राहिलो आई, अण्णा, दादा आणि मी. बंब आईच्या वाट्याला आला.

चौघांना एवढं पाणी कशाला लागतंय? पण बंब अर्धा भरून पेटवता येत नाही. पाण्याच्या वर उघडी राहिलेली नळी नुसतीच तापते आणि सांधे सुटतात. तांबट येता-जाता बजावायचा, "अम्मा, पानी पूरा भरो, कम पानी में नक्को जलाओ." त्यामुळे रोज पूर्ण बंब तापायचा आणि निम्मं पाणी दुपारी गार व्हायचं. वखारीचं बिल चौदाजणांचं, पगार एकट्या अण्णांचा. "मोडीत देऊन टाकू, तांब्याला भाव आहे," असं अण्णा म्हणाले, तेव्हा आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

दादा उस्मानियात इंजिनिअरिंगला होता. त्याने वहीत हिशेब मांडला. ५० लिटर पाणी ४५ अंशांनी तापवायला २२५० किलोकॅलरी लागतात. वाळक्या लाकडाच्या किलोत साधारण ३५०० असतात. म्हणजे कागदावर पाऊण किलोच्या आत काम व्हायला हवं, आणि आम्ही तीन किलो जाळत होतो! बाकीची ऊब नळीतून आभाळात.

मग ओली लाकडं बंद झाली. घाऊक दुकानांतल्या खोक्यांच्या फळ्या आणून बारीक फोडायच्या. राख रोज काढायची. नळीतली काजळी रविवारी खरवडायची, कारण ती ऊब अडवते. पाण्याच्या भागाला बाहेरून गोणपाट. जाळ धरला की नळीवर पत्रा अर्धा सरकवायचा. बंब अंगणात उघड्यावर होता म्हणून हे चाललं. बंद न्हाणीत असलं कुणी करू नये, धूर कोंडतो.

तीनाचे दोन किलो झाले. तरी पाणी उरतंच होतं. तांबट म्हणाला, वरून वीतभर कापून लहान करून देतो. पण आजीचं नाव नेमकं तिथेच. आई म्हणाली, "नाव कापायचं नाही."

तोड तिनेच काढली. वाड्यात दोन बिऱ्हाडं होती, एक तेलुगू, एक मारवाडी. दोघींना तिने सांगितलं, "सकाळी बादली घेऊन या. येताना एक लाकूड आणा." आठवड्याभरात अंगणात पुन्हा रांग लागली. एकजण काढतोय, दुसरा ओततोय. दादा म्हणाला, हे बरोबरच आहे, तांबं आणि जाळी तापवायचा खर्च सगळ्यांत वाटला गेला. शिवाय गार पाणी सारखं आत येत राहिलं की धुरातली ऊब जास्त ओढली जाते. आमच्या वाट्याला रोज किलोभर लाकूड येऊ लागलं. मोडीचा विषय अण्णांनी परत काढला नाही.

आता घरोघरी गीझर आहेत. २५ लिटरची टाकी आणि घरात दोघंच, अशी कितीतरी घरं आपल्यात आहेत. त्यांनाही हेच लागू पडतं: आंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. तापवून ठेवलेलं पाणी नुसतं गार होत बसतं.

तुमच्या घरच्या बंबाचं पुढे काय झालं? मोडीत गेला, की अजून माळ्यावर आहे? आणि त्यावर नाव कुणाचं होतं, तेही लिहा.