मुकुटाखालचं नाव

माणिकगडाच्या डोंगरात ढोल आणि पेपरी वाजू लागली, की जिवतीतल्या गोंडांच्या गुड्यांना दिवाळी लागते. घुसाडी येतात! डोक्यावर शेकडो मोरपिसांचा डेरेदार मुकुट, अंगाला राख, गळ्यात माळा, कमरेला घुंगरं, खांद्यावर बकऱ्याचं कातडं, हातात दंडा. आधी मुकुटाची पूजा होते. मग दंडारीचा हा नाचाचा सण संपेपर्यंत घुसाडी आंघोळ करत नाही, कारण तोवर त्याच्या अंगात देव वसतो. गावोगावचे सोयरे त्याला पाहुणा म्हणून उतरवून घेतात, आणि म्हातारीसुद्धा नातवाच्या वयाच्या घुसाडीच्या पाया पडते. या पोशाखाला नुसतं 'वेशभूषा' म्हणणं मला कायम अपुरं वाटतं.

ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन अभ्यासक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात होता. मारलवाई गावच्या गोंडांमध्ये राहून त्याने दंडारी पाहिली, छायाचित्रं घेतली आणि 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला हा राजुऱ्याचा भाग तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 नंतर तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 साली चांद्याला. हद्दी बदलल्या तरी सोयरीक तीच राहिली. फ्युरर-हाइमेनडॉर्फचे उपकार मोठेच. पण काळ्या-पांढऱ्या चित्रात मोरपिसाचा निळा रंग उतरत नाही, घुंगरं ऐकू येत नाहीत.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांनाही असंच बाहेरच्या माणसाने टिपलं. त्यांचे सीलच्या कातड्याचे पोशाख जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने 1577 च्या सुमारास फार मायेने रंगवले. तरी मला त्याहून मोलाचं वाटतं ते जॉन सॅकहाउसचं चित्र. हा ग्रीनलंडचा इनुइट तरुण 1818 मध्ये कॅप्टन जॉन रॉसच्या जहाजावर दुभाषा होता. उत्तरेकडचे इनुइट आणि गोरे अधिकारी बर्फावर पहिल्यांदा भेटले, तो प्रसंग त्याने स्वतः काढला. रॉसच्या पुस्तकात ते चित्र त्याच्या नावानिशी छापलेलं आहे.

मारलवाईचे घुसाडी गुरू कनकराजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. सॅकहाउसप्रमाणे त्यांचं नाव तरी राहिलं. जिवती-कोरपन्याच्या पोरांनो, मोबाईल तुमच्या हातात आहे. थोरांना विचारून यंदाची दंडारी तुम्हीच टिपा, आणि प्रत्येक मुकुटाखाली कोण होतं त्याचं नाव, गाव, गोत्र लिहून ठेवा.