किती गुण मिळाले?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दर वर्षीप्रमाणे ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिर ठरवले आहे. रक्तदाब, साखर, डोळे हे नेहमीचेच. या वेळी सूचना आली की साठीपुढच्या सर्वांची स्मरणशक्तीही तपासून घ्यावी. आईचे आजारपण मंडळींना ठाऊक असल्याने आम्हा तिघी बहिणींचे मत विचारले गेले. आम्ही "अशी सरसकट तपासणी नको" म्हटले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. म्हणून हे चार शब्द.

आईने याच शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले. वाचकांपैकी पुष्कळांच्या वह्यांवर तिचे लाल शेरे असतील. २०१७ च्या सुमारास ती आमटीत दोनदा मीठ घालू लागली, एकच गोष्ट चारदा विचारू लागली. एकदा राजवाड्याहून रामबागेत घरी येताना रस्ता चुकली. ५० वर्षांचा पायाखालचा रस्ता! आम्ही तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. ते हसून म्हणाले, "अहो, चौऱ्याहत्तर वय झाले, आता एवढे चालायचेच." खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हाला बरेच वाटले. त्यात मावशीने बजावले, "नातींची लग्ने व्हायची आहेत, बाहेर बोलू नका." दोन वर्षे तशीच गेली.

२०१९ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक ३० गुणांची चाचणी घेतली. १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तारीख-वार सांगणे, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, आकृती काढणे असे त्यात असते. डॉक्टरांनी हिंदीत तारीख विचारली. आई म्हणाली, "आज ऋषिपंचमी." अगदी बरोबर, पण गुण गेला! वजाबाकी तिने एका दमात म्हटली: ९३, ८६, ७९, ७२, ६५. मात्र थोड्या वेळाने त्या तीन शब्दांतला एकही आठवेना. आकृतीही चुकली. उठताना तिने विचारले, "किती गुण मिळाले?"

पंचवीस. म्हणजे चांगल्यापैकी पास. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईंना सगळ्या घरांचे हिशेब तोंडपाठ असत, पण त्या या परीक्षेत नक्की नापास झाल्या असत्या. शिक्षणाचा असा फरक पडतो, म्हणूनच तर हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांना विचारता येईल असे या चाचणीचे हिंदी रूप तयार करावे लागले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या डॉक्टरांचे उपकार असे की त्यांनी गुणांचा कागद बाजूला ठेवला आणि अर्धा तास आमचे ऐकून घेतले. मग रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता असली, किंवा मन फार खचलेले असले, तरी विसराळूपणा येतो आणि उपचारांनी तो कमी होऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. आईचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडा फरक पडला, पण पुरता नाही. पुढे मेंदूचे चित्र काढले, काही महिने पाहिले, आणि मग त्यांनी अल्झायमर असल्याचे सांगितले.

हा आजार पुरता बरा करणारे औषध आजही नाही. तरीही कळले ते बरेच झाले. आम्ही आईवर चिडणे सोडले. समजत होते तोवर तिने आपले मृत्युपत्र स्वतः केले, कोणाकडे राहायचे तेही स्वतःच सांगितले.

आणि एक वही सापडली. कपाटात साड्यांच्या खाली शाळेची जुनी चौकटीची वही. पहिल्या पानावर 'दिवाळी २०१६'. पुढे नातींची नावे, कोण कोणाची ते, आणि राजवाड्याहून घरापर्यंतच्या खुणा. आमच्या आधी तिलाच कळले होते! आम्ही तिच्यापासून लपवत होतो, ती आमच्यापासून.

आपल्या देशातील एका मोठ्या पाहणीनुसार (२०२३) साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा प्रश्न मोठा आहे यात शंका नाही. पण काही तक्रार नसलेल्या सगळ्यांचीच चाचणी घ्यावी का, यावर जाणकारांचेही एकमत नाही. तिचा फायदा जास्त की तोटा, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२० मध्ये म्हटले. ब्रिटनमध्येही अशी सरसकट तपासणी करत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१४ साली डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाच्या वाढीव निदानामागे ५५ पौंड देण्याची योजना निघाली, तेव्हा खुद्द डॉक्टरांनीच टीका केली. काही महिन्यांतच ती संपली.

आमच्या शिबिरात तर सगळे एकाच सभागृहात. कोण कोणत्या खुर्चीवर किती वेळ बसले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या रामबागेत होणार. तिथे कमी गुण मिळालेला धडधाकट माणूस रात्रभर झोपणार नाही, आणि आमच्या आईसारखी हुशार बाई पास होऊन निर्धास्त घरी जाईल.

म्हणून आम्ही दुसरे सुचवले आणि मंडळींनी ते मान्य केले. २१ सप्टेंबर हा अल्झायमर दिन. त्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात, दार लावून, एक डॉक्टर बसतील. ज्यांना स्वतःला शंका आहे किंवा ज्यांच्या घरात कोणाला आहे, त्यांनीच यावे. बरोबर रोज सहवासात असणारे एक माणूस आणावे. गुण कोणालाही सांगितले जाणार नाहीत.

आई गेल्या चैत्रात गेली. तिची वही आमच्याकडे आहे. आपल्याही घरी कपाटात अशी एखादी वही असेल, तर ती लिहिणाऱ्याला रागावू नका. जवळ बसा, आणि विचारा.