एक पिन, दोन मालक

भिवंडीला माझ्या मामाचा यंत्रमागांचा कारखाना आहे. मागावर किती कापड निघालं ते मोजायला रास्पबेरी पाय बसवून दे, अशी त्याची फर्माईश. त्यामुळे सध्या माझे शनिवार-रविवार लिनक्स कर्नेलच्या सहवासात जातायत. (लष्करातल्या कर्नलशी संबंध नाही!)

सेन्सरला एक पिन हवी. पण चिपमध्ये कामं भरपूर आणि पिना मोजक्या, म्हणून एकाच पिनेला अनेक कामं नेमलेली असतात. जीपीआयओ १४ घ्या. ती साधी इनपुट-आउटपुट पिनही होते आणि सिरियल पोर्टची डेटा पाठवणारी पिनही.

मामा म्हणाला, "अरे, म्हणजे आमचा मागच की! दिवसपाळीला एक कारागीर, रातपाळीला दुसरा."

अगदी तेच. आणि हे सुरळीत चालतं ते मेहताजींच्या वहीमुळे. मजुरी मीटरवर. वहीत गोंधळ झाला की एकाचा घाम दुसऱ्याच्या नावावर!

कर्नेलला अशी वही उशिरा मिळाली. आधी प्रत्येक चिपचा कोड आपापल्या पद्धतीने पिना वाटायचा. मग लिनस वालेय यांची (टॉरवाल्ड्स नव्हेत) पिनकंट्रोल व्यवस्था जानेवारी २०१२ मधल्या ३.२ आवृत्तीत आली. आता दुसऱ्या ड्रायव्हरने तीच पिन मागितली की कर्नेल नकार देतो आणि लॉगमध्ये दोघांचीही नावं छापतो.

पण एक मेख आहे. या वहीत मालकाचे रकाने दोन आहेत: एक नेमलेल्या कामाचा, दुसरा जीपीआयओचा. चिपच्या पिनकंट्रोल ड्रायव्हरने 'स्ट्रिक्ट' असं सांगितलं नसेल, तर दोन्ही रकाने एकदम भरले तरी कर्नेल गप्प! याला कारणही आहे. झोपलेल्या सिरियल पोर्टची पिन जीपीआयओ म्हणून ऐकत राहिली, तर यंत्राला जागं करता येतं.

मामाच्या कारखान्यात मात्र ही सवलत महागात पडेल. कन्सोलवर उमटलेली अक्षरं उद्या कापड म्हणून मोजली गेली तर? मजुरी त्याच आकड्यावर ठरणार ना!

म्हणून डीबगएफएसमधली 'पिनमक्स-पिन्स' फाईल उघडली, जीपीआयओ १७ चे दोन्ही रकाने रिकामे आहेत हे पाहिलं आणि मगच सेन्सर जोडला.

मेहताजींना ती फाईल दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "दोन रकाने कशाला? आमच्याकडे एका पाळीला एकच नाव."

पटलं बुवा!