जात्याची घरघर

रेगे म्हटलें कीं आम्हांस आजवर कवि पु. शि. रेगेच आठवत. या दिवाळींत मोडनिंबास गेलों असतां पुतण्यानें ज्ञानांत भर घातली. रेगे हें जमैका बेटांतील संगीत. १९६८च्या सुमारास तें या नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

आमच्या आईच्या ओव्या एका जुन्या कॅसेटींत उरल्या आहेत. पहाटे दळतांना कोनाड्यांत यंत्र ठेवून त्या टिपलेल्या. आई गेली, जातें परसांत पडून आहे. "काका, आजीच्या ओव्यांना रेगेची साथ देतों," असें म्हणून पुतण्यानें ती फीत इंटरनेटवरील एका साधनाच्या स्वाधीन केली. त्यानें कंठ एकीकडे व उरलेला आवाज एकीकडे केला, गिटार-ढोलांशीं कंठाचें मिश्रण केलें आणि मास्टरिंग नांवाच्या अखेरच्या संस्कारांत सारें एका पातळीस आणलें. इतका स्वच्छ आवाज आम्हीं आईच्या हयातींतहि ऐकला नव्हता. तो परका वाटला.

कारण उघड होतें. साधनानें जात्याची घरघर गोंगाट ठरवून काढून टाकली होती. शिवाय वैरण घालतांना आईचा सूर किंचित् रेंगाळे. तेंहि ताणून तालाच्या चौकटींत बसविलें होतें. पुटपुटणें आणि गाणें एकाच उंचीचें! ज्या श्रमानें ओवीस लय दिली, तोच हद्दपार झाला होता.

पुतण्या हट्टी नाहीं. त्यानें समजाविलें कीं, रेगेंत गिटार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येते, ढोलाचा भार पुष्कळदां तिसरीवर, आणि पहिली मोकळी. कलाकेंद्रांतून ऐकूं येणाऱ्या ढोलकीवर पोसलेल्या आमच्या कानांस हें विपरीतच! पण सारें तोललेलें असतें खर्जावर. किंग्स्टनच्या किंग टबी या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें तर १९७०नंतरच्या दशकांत कंठ बाजूस सारून ढोल आणि खर्जच पुढें आणले. त्यासच 'डब' म्हणतात.

"मग खर्जाच्या जागीं जातेंच बसव कीं," आम्ही म्हणालों.

त्या रात्रीं त्यानें मूळ फीत पुन्हां घेतली, घरघर खालीं राखली, आणि गिटारीस आईच्या मागून चालावयास लावलें. तीन वाजले. सकाळीं कुर्डुवाडीच्या थोरल्या ताईला तें फोनवर ऐकविलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "लई घाई करतंय रं हे. असं दळल्यावर पीठ जाडंभरडं पडतंय."

पुतण्यानें मिनिटास चार ठोके कमी केले.